यशयाच्या सतराव्या अध्यायातलं दमास्कस आणि बातम्यांमधलं दमास्कस

८ डिसेंबर २०२४ रोजी सीरियात बशर अल-असद यांची सत्ता कोसळली आणि जगभरच्या ख्रिस्ती वाचकांत बायबलमधलं एक वचन फिरू लागलं. १६ जुलै २०२५ ला इस्राएलने दमास्कसमधल्या संरक्षण मंत्रालयाच्या इमारतीवर हल्ला केला, तेव्हा ते पुन्हा फिरलं. वचन आहे यशया १७:१. दिमिष्क आता नगर म्हणून उरणार नाही, ते दगडमातीचा ढीग होईल, असा त्याचा आशय. दिमिष्क म्हणजे दमास्कसच. मराठी बायबलात हे नाव असंच येतं. वचनासोबत धुराच्या लोटांचा फोटो असतो आणि खाली एक ओळ: शेवटचा काळ जवळ आला.

असा संदेश पुढे पाठवणारा माणूस सहसा मनापासून पाठवतो. देवाचं वचन खोटं ठरत नाही, यावर त्याची श्रद्धा असते. माझीही आहे. म्हणूनच हा अध्याय नीट वाचायला हवा असं वाटतं. त्यात चौदा वचनं आहेत आणि फिरतं ते फक्त पहिलं. उरलेली तेरा वाचली, तर अध्याय कुणाशी बोलतो आहे याचं उत्तर बदलतं.

संदेष्टा नेमकं काय करायचा?

हिब्रू शास्त्रात संदेष्टा म्हणजे देवाच्या वतीने लोकांसमोर उभं राहून बोलणारा माणूस. भविष्य सांगणं हा त्याच्या कामाचा एक भाग, आणि तोही मोठा नव्हे. यशया, आमोस, मीखा, यिर्मया ही पुस्तकं सलग वाचली की कळतं, बहुतेक पानं चालू काळाबद्दल आहेत. खोटी वजनं आणि खोटी मापं, गरिबाच्या शेताला शेत जोडत जाणारे जमीनदार, लाच घेऊन विधवेचा खटला न ऐकणारे न्यायाधीश, देवावर भरवसा सोडून परक्या राजाशी केलेले करार. भविष्याचा विषय येतो तो दोन तऱ्हांनी. असंच चालू ठेवाल तर याचा शेवट काय होईल, ही एक. आणि तो शेवट झाल्यावरही देव आपल्या लोकांना सोडणार नाही, ही दुसरी.

संदेष्ट्यांच्या बोलण्यात ठराविक प्रकार असत. त्यातला एक म्हणजे देववाणी: एखाद्या नगराविषयी किंवा राष्ट्राविषयी उच्चारलेला निवाडा, बहुधा काव्यात. यशयाच्या पुस्तकात १३ ते २३ या अध्यायांत अशा देववाण्या ओळीने लावल्या आहेत. बाबेल, मवाब, दिमिष्क, मिसर (म्हणजे इजिप्त), सोर असे एकेक शेजारी येतात. सतरावा अध्याय त्यातलाच.

असं वाङ्मय वाचताना मला घरातल्या जुन्या खरेदीखताची आठवण होते. पणजोबांच्या नावाचा कागद, चतुःसीमेत लिहिलेलं: पूर्वेस गणू पाटलाचं शेत, दक्षिणेस ओढा. कागद आपल्यासाठी लिहिलेला नाही, त्यातली माणसं कधीच गेली. तरी जमिनीवर आपला हक्क आहे तो त्याच कागदामुळे, वारस म्हणून. पण हक्क सिद्ध करायचा तर त्या काळी ओढा कुठून वाहत होता हे आधी शोधावं लागतं. आज गावात दिसणारं पहिलं गटार म्हणजेच तो ओढा, असं धरून चाललं तर आपण शेजाऱ्याच्या शेतात शिरतो आणि आपलं शेत हातचं जातं. यशयाच्या देववाणीतला ओढा इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकात वाहत होता. आधी तिथे जाऊ.

आहाज राजा आणि दोन धुमसती लाकडं

इ.स.पू. ७३५ च्या सुमारास यरुशलेमात आहाज राजा राज्य करत होता. त्याचं राज्य छोटं, नाव यहूदा. शलमोनानंतर एकसंध राज्य फुटलं होतं आणि उत्तरेकडच्या वंशांचं वेगळं राज्य झालं होतं. त्याला इस्राएल म्हणत, कधी एफ्राईम. हे लक्षात ठेवणं फार गरजेचं आहे, कारण यशयाच्या या अध्यायांत 'इस्राएल' हे कित्येकदा यहूदावर चालून आलेल्या शेजाऱ्याचं नाव असतं. आजच्या देशाचं नाव डोक्यात ठेवून वाचलं की सगळं उलटंपालटं होतं.

पूर्वेकडून अश्शूरचं साम्राज्य पसरत होतं. तिथला राजा तिग्लथ-पिलेसर तिसरा एकेक राज्य गिळत भूमध्य समुद्राकडे सरकत होता. त्याला रोखायला दिमिष्काचा राजा रसीन आणि इस्राएलचा राजा पेकह यांनी हातमिळवणी केली. यहूदाने आपल्या बाजूला यावं असा त्यांचा हट्ट. आहाज तयार होईना, म्हणून दोघांनी यरुशलेमावर स्वारी केली. त्याला गादीवरून काढून ताबेलाच्या मुलाला बसवायचं, असा बेत होता.

यशयाच्या सातव्या अध्यायात हे सगळं आलं आहे. रानातली झाडं वाऱ्याने हलावीत तशी राजाची आणि लोकांची काळजं हलली. यशया आपल्या मुलाला, शआर-याशूबला, घेऊन राजाला भेटायला गेला. भेट राजवाड्यात झाली नाही. ती झाली वरच्या तळ्याच्या पाटाजवळ, परिटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वेढा पडला तर शहराला पाणी कसं पुरवायचं, हे पाहायला राजा तिथे गेला असावा. यशया त्याला म्हणाला, घाबरू नकोस. रसीन आणि पेकह म्हणजे विझत आलेल्या दोन धुमसत्या लाकडांची टोकं आहेत. देवाकडे चिन्ह माग. आहाजने ते नाकारलं आणि मंदिरातलं व राजवाड्यातलं सोनं-रुपं तिग्लथ-पिलेसरकडे पाठवून त्यालाच मदतीला बोलावलं.

इ.स.पू. ७३२ मध्ये दिमिष्क पडलं. दुसऱ्या राजांच्या पुस्तकात (१६:९) नोंद आहे: अश्शूरच्या राजाने नगर घेतलं, लोकांना कीर इथे नेलं आणि रसीनला ठार केलं. अश्शूरच्या कोरीव लेखांतही याची बढाई आहे. दिमिष्काच्या १६ जिल्ह्यांतली ५९१ गावं महापुरानंतरच्या ढिगाऱ्यांसारखी करून टाकली, असं तिग्लथ-पिलेसर सांगतो. दहा वर्षांनी, इ.स.पू. ७२२ मध्ये, इस्राएलची राजधानी शोमरोनही गेली.

सतराव्या अध्यायाची पार्श्वभूमी ही. ज्या दोन राजांनी यहूदाची झोप उडवली होती, त्यांच्याविषयीचा तो निवाडा आहे.

पहिल्या वचनानंतर काय आहे?

आता अध्याय हळूहळू वाचू. पहिल्या वचनात दिमिष्काचा ढिगारा. दुसऱ्यात ओस पडलेल्या गावांत निवांत बसलेले कळप, त्यांना हाकलणारं कुणी नाही. तिसऱ्या वचनात एक जोडी येते: एफ्राईमाचा किल्ला जाईल आणि दिमिष्काचं राज्य जाईल. दोन नावं एका वाक्यात, कारण दोघे एका कटात होते. नेमकं काय संपणार, हेही इथेच सांगितलं आहे: राज्य.

चौथ्या वचनापासून दिमिष्काचं नावच येत नाही. मथळा दिमिष्काचा, पण पुढचा मजकूर याकोबाविषयी, म्हणजे देवाच्या स्वतःच्या लोकांविषयी. याकोबाचं वैभव कमी होईल, त्याचं धष्टपुष्ट अंग झडेल. मग शेतीतली चित्रं येतात. रफाईमाच्या खोऱ्यात पीक कापून नेल्यावर मागे कणसं वेचायला राहावीत, तसं. जैतुनाचं झाड झोडपल्यावर अगदी वरच्या शेंड्याला दोन-तीन फळं आणि फांद्यांवर चार-पाच उरावीत, तसं. यशयाने आकडा दिला आहे. झाड झोडपणाऱ्या माणसाची काठी जिथे पोचत नाही तिथली ती फळं. एवढेच लोक उरतील, असं तो आपल्याच भाऊबंदांना सांगतो आहे.

का? दहाव्या वचनात कारण आहे: तू आपल्या तारणाऱ्या देवाला विसरलास. मधे सातव्या-आठव्या वचनात आशाही आहे. त्या दिवशी माणसं आपल्या हातांनी केलेल्या वेद्यांकडे पाहणार नाहीत, आपल्या निर्माणकर्त्याकडे पाहतील. शेवटची तीन वचनं अनेक राष्ट्रांच्या गर्जनेची आहेत: समुद्रासारखा खवळलेला आवाज, संध्याकाळी दहशत, आणि सकाळ होण्याआधी काहीच नाही.

म्हणजे परक्या नगरावर रोखलेलं बोट चौथ्या वचनात ऐकणाऱ्यांच्या घराकडे वळतं. ही रीत यशयाची एकट्याची नाही. त्याच्या थोडं आधी, इ.स.पू. ७६० च्या सुमारास, आमोसने हेच केलं होतं, आणि त्यानेही सुरुवात दिमिष्कापासूनच केली. दिमिष्काने गिलादाला लोखंडी मळणीच्या औतांनी मळलं, म्हणून शिक्षा होईल. ऐकणाऱ्या इस्राएली लोकांना हे पटलंच असणार. मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब: चहूबाजूंचे शत्रू एकेक करून. मग दक्षिणेचा भाऊ यहूदा. आणि सगळे माना डोलावत असताना शेवटी इस्राएल: तुम्ही नीतिमानाला रुप्यासाठी विकता, गरिबाला वहाणांच्या एका जोडासाठी विकता. सगळ्यांत लांब आरोपपत्र त्यांचंच.

पहिलं वचन तेवढं कापून घेऊन पाठवलं की यशयाचं हे वळण हरवतं. उरतो तो फक्त दुसऱ्याचा नाश पाहणारा प्रेक्षक, आणि यशयाला नेमका तोच माणूस हलवायचा होता.

"पण दमास्कस तर आजही उभं आहे!"

हा आक्षेप नेहमी येतो, आणि रास्त आहे. शहर कायमचं नाहीसं झालं नाही. मग भविष्यवाणी अजून पूर्ण व्हायची आहे, असं का म्हणू नये?

पहिलं उत्तर बायबलच देतं. दिमिष्क पडल्याचं सांगणारं वचन २ राजे १६:९. त्याच्या लगेच पुढचं, दहावं वचन सांगतं की आहाज राजा तिग्लथ-पिलेसरला भेटायला दिमिष्कात गेला, तिथे त्याने एक वेदी पाहिली आणि तिचा नमुना यरुशलेमातल्या उरीया याजकाकडे पाठवला. नगर पडल्यावर तिथे राजांच्या भेटी होत होत्या, वेदी होती. हे लिहिणाऱ्याला त्यात विसंगती वाटली नाही. संपलं होतं ते अरामाचं, म्हणजे दिमिष्काच्या राजांचं, राज्य. तिसऱ्या वचनाने तेच सांगितलं होतं.

दुसरं उत्तर भाषेविषयी. त्या काळी पराभवाचं वर्णन संपूर्ण विनाशाच्या शब्दांत करायची पद्धतच होती. अश्शूरच्या लेखातली महापुराची उपमा आपण पाहिलीच. यशयाच्या तेराव्या अध्यायात बाबेलच्या पतनाविषयी बोलताना तारे प्रकाश देणार नाहीत, सूर्य उगवतानाच काळवंडेल, असं आहे. इ.स.पू. ५३९ मध्ये पारसाचा राजा कोरेश याने बाबेल घेतलं, तेव्हा आकाशात असं काही झालं नाही. पण एका साम्राज्याचं आकाश खरोखर कोसळलं. कवितेला कविता म्हणून वाचणं म्हणजे तिला कमी लेखणं नव्हे.

तिसरं उत्तर मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. संदेष्ट्यांच्या कित्येक इशाऱ्यांत न बोललेली अट असते. यिर्मयाच्या अठराव्या अध्यायात, कुंभाराच्या घरी, देव ती स्पष्ट बोलून दाखवतो: एखाद्या राष्ट्राचा मी नाश करीन असं म्हटलं, आणि ते राष्ट्र आपल्या दुष्टपणापासून वळलं, तर मीही माझा बेत बदलीन. याचा पुरावा त्याच पुस्तकात आहे. मीखाने म्हटलं होतं, सियोन शेतासारखी नांगरली जाईल, यरुशलेमाचे ढिगारे होतील. तसं तेव्हा झालं नाही. शंभरेक वर्षांनी यिर्मयाला मारून टाकायची मागणी झाली, तेव्हा वडील मंडळींपैकी काही जण उभे राहिले आणि त्यांनी मीखाचा दाखला दिला: हिज्कीया राजाने मीखाला मारलं का? तो परमेश्वराला भ्याला, आणि परमेश्वराने ते अरिष्ट टाळलं. त्या वडिलांनी मीखाला खोटा संदेष्टा म्हटलं नाही. इशारा कामी आला, असं म्हटलं.

यहेज्केल त्याहून पुढे जातो. सव्विसाव्या अध्यायात तो सांगतो की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर सोर नगर लुटेल. एकोणतिसाव्या अध्यायात तोच सांगतो की नबुखद्नेस्सराच्या सैन्याने सोरापुढे इतके कष्ट केले की सैनिकांच्या डोक्यांचे केस गेले, खांदे सोलले, पण मजुरी काही हाती लागली नाही; म्हणून त्याला मिसर देण्यात येत आहे. दोन्ही मजकूर एकाच पुस्तकात आहेत. पहिला पुसून टाकावा असं कुणाला वाटलं नाही. हिशेबाची वही तपासावी तशी भविष्यवाणी तपासायची आपली सवय त्या लोकांना नव्हती.

"मग येशूविषयीच्या भविष्यवाण्यांचं काय?"

जुन्या काळात इतकं रुतून बसलं तर ख्रिस्तापर्यंत पोचायचं कसं, अशी भीती वाटणं स्वाभाविक आहे. पण नव्या कराराच्या लेखकांनी हा रस्ता स्वतः चालून दाखवला आहे, आणि तो यादीतली नावं खोडण्यासारखा नाही.

आहाजला दिलेलं चिन्ह घ्या. एक मुलगा होईल, त्याचं नाव इम्मानुएल, म्हणजे 'देव आमच्यासोबत'; आणि त्याला बरंवाईट कळू लागण्याआधी त्या दोन राजांचा देश ओसाड होईल. ही मुदत आहाजच्या उपयोगाची आहे. सात शतकांनी जन्मणाऱ्या बाळाने तळ्याकाठच्या राजाला काय धीर दिला असता? त्यामुळे या शब्दांना त्या काळी काहीतरी अर्थ होता, हे मानावंच लागतं. पुढे शुभवर्तमान लिहिणारा मत्तय मरीयेच्या पुत्राविषयी, येशूविषयी, लिहिताना हेच वचन घेतो. 'देव आमच्यासोबत' ही जी गोष्ट आहाजला सांगितली गेली आणि त्याने मानली नाही, ती आता देहाने आली, असं त्याचं म्हणणं.

मत्तयाची ही वाचनपद्धत दुसऱ्या अध्यायात आणखी उघड दिसते. बाळ येशूला घेऊन योसेफ आणि मरीया मिसरात जाऊन राहिले, तिथे तो होशेयाचं वचन देतो: मिसरातून मी आपल्या पुत्राला बोलावलं. होशेय ११:१ उघडून पाहा. तिथे भविष्याचा काही संबंधच नाही. देव मोशेच्या काळच्या सुटकेची आठवण काढतो आहे, आणि 'पुत्र' म्हणजे इस्राएल राष्ट्र. मत्तयाला हे पक्कं ठाऊक होतं. तो शास्त्र कोळून प्यालेला माणूस होता. त्याला दाखवायचं होतं की ज्या वाटेने राष्ट्र चाललं आणि ठेचाळलं, त्याच वाटेने हा पुत्र चालला आणि विश्वासू राहिला. होशेयाचा मूळ अर्थ पुसला तर मत्तयाचा मुद्दाच कळत नाही.

पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी, पेत्राने योएलचं वचन घेतलं, त्यात चंद्राचं रक्त होईल असं आहे. समोर चंद्र लाल झालेला नव्हता. आत्म्याचं दान मिळालं होतं, आणि पेत्र म्हणाला, योएलने सांगितलं ते हेच. लूकच्या चौथ्या अध्यायात, नासरेथच्या सभास्थानात, येशूने यशयाची गुंडाळी वाचली: दीनांना सुवार्ता, बंदिवानांना सुटका, परमेश्वराच्या कृपेचं वर्ष. आणि देवाच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख यायच्या आधी त्याने गुंडाळी बंद केली.

ख्रिस्ती वाचकासाठी रस्ता असा आहे: संदेष्ट्याच्या श्रोत्यांपासून ख्रिस्तापर्यंत, आणि ख्रिस्तापासून आपल्यापर्यंत. आठव्या शतकातून थेट आजच्या मथळ्यावर मारलेल्या उडीत ख्रिस्त मधे कुठेच येत नाही. या एका कारणासाठी तरी त्या उडीविषयी सावध असायला हवं.

प्रत्येक पिढीला आपलाच काळ दिसला

ही उडी नवी नाही. मृत समुद्राकाठी कुमरान इथे १९४७ पासून सापडलेल्या गुंडाळ्यांत हबक्कूकाच्या पुस्तकावर एक टीका आहे. हबक्कूक खास्द्यांविषयी, म्हणजे बाबेलच्या सैन्याविषयी बोलतो. टीकाकार ते आपल्या काळच्या 'कित्तीम' लोकांना लावतो, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते हे रोमन होत.

यहेज्केलच्या ३८ आणि ३९ अध्यायांतल्या गोग-मागोगांचा, म्हणजे देवाच्या लोकांवर चालून येणाऱ्या शत्रूंचा, प्रवास तर थक्क करणारा आहे. पहिल्या शतकात योसेफस या ज्यू इतिहासकाराला मागोग म्हणजे सिथियन टोळ्या वाटल्या. चौथ्या शतकात मिलानच्या अँब्रोझला गोग म्हणजे रोमवर चालून येणारे गॉथ वाटले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरला ते तुर्क वाटले. विसाव्या शतकात अनेकांना ते सोव्हिएत रशिया वाटले; गोगाला मेशेख आणि तुबाल यांचा अधिपती म्हटलं आहे, आणि मेशेख व मॉस्को ही नावं कानाला जवळची लागतात, हे त्याचं एक कारण. अश्शूरच्या नोंदींनुसार मेशेख आणि तुबाल ही आजच्या तुर्कस्तानातली राज्यं होती. वाचणारे सगळे प्रामाणिक होते, त्यांतले काही फार मोठे विद्वान होते. प्रत्येकाला ज्याची भीती वाटत होती, तोच त्या पानावर दिसला.

दानीएलाच्या पुस्तकाबाबत याची किंमत सामान्य माणसांनी मोजली आहे. दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांची वर्षं करून अमेरिकेतल्या विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख काढली: २२ ऑक्टोबर १८४४. काहींनी शेतातलं पीक कापलं नाही. तो दिवस गेला. त्याच आठव्या अध्यायात देवदूताने दृष्टान्ताचा अर्थ सांगितला आहे: मेंढा म्हणजे मेदी आणि पारसी राजे, बकरा म्हणजे ग्रीसचा राजा. दानीएलाची भाषा प्रतीकांची आहे, अत्याचाराखाली दबलेल्या लोकांना तग धरायला लावणारी आहे. पण अर्थाची किल्ली तो बहुतेक वेळा हाताशीच ठेवतो.

"म्हणजे आजच्या इस्राएलशी याचा काही संबंध नाही का?"

यावर ख्रिस्ती लोकांत खरोखर मतभेद आहेत. १९४८ मध्ये झालेली देशाची स्थापना म्हणजे यहेज्केलच्या सदतिसाव्या अध्यायातल्या वाळक्या हाडांना आलेला जीव, असं काही मंडळ्या मानतात. ती वचनं ख्रिस्तात आणि त्याच्या सर्व राष्ट्रांतल्या लोकांत पूर्ण होतात, असं इतर मानतात. बेथलेहेमातले पॅलेस्टिनी ख्रिस्ती ही पानं वाचतात तेव्हा त्यांच्यापुढचे प्रश्न आणखी वेगळे असतात. हा वाद इथे मिटणार नाही. एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं: संदेष्ट्यांनी कुठल्याही राज्याला, स्वतःच्या राज्याला तर मुळीच, न्यायाच्या मापातून सूट दिली नाही. आमोसची यादी पुन्हा वाचा.

आणि ही पुस्तकं केवळ ख्रिस्ती लोकांची नाहीत, हेही विसरू नये. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू नवस फेडताना मलिद्याच्या ताटापुढे एलियाहू हन्नाबीची, म्हणजे एलीया संदेष्ट्याची, आठवण करतात. अलिबागच्या सिनेगॉगमध्येही यशयाच वाचला जातो, आणि तिथे तो वेगळ्या वाटेने कळतो. आपण ख्रिस्तापर्यंत वाचत जातो ते आपल्या विश्वासामुळे. शेजारी तसं वाचत नाही म्हणून त्याच्या डोळ्यांवर पडदा आहे असं म्हणायचं कारण नाही.

दमास्कसमधली मंडळी

चुकीचं वाचन झालं तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बिघडतं, कारण दमास्कसमध्ये माणसं राहतात आणि त्यांत ख्रिस्ती माणसं आहेत. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला दृष्टी परत मिळाली ती याच नगरात, 'सरळ' नावाच्या रस्त्यावरच्या घरी. तो रस्ता आजही आहे. अंत्युखियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीच्या पॅट्रिआर्कचं पीठ दमास्कसमध्येच आहे.

२२ जून २०२५ ला, रविवारी, दमास्कसच्या द्वेला भागातल्या मार एलियास चर्चमध्ये उपासना चालू असताना आत्मघाती स्फोट झाला. किमान २५ माणसं गेली. मार एलियास म्हणजे संत एलीया; चर्च एका हिब्रू संदेष्ट्याच्या नावाचं. या शहराचा ढिगारा व्हायची आपण वाट पाहत असू, तर त्या रविवारी तिथे बसलेल्या लोकांसाठी आपण प्रार्थना तरी कशी करणार? शत्रूवर प्रीती करायला सांगितलेल्या लोकांनी भावंडांच्या घराच्या नाशाकडे कालनिर्णयातली तारीख म्हणून पाहावं, हे मला सहन होत नाही. यशया स्वतः असा नव्हता. सोळाव्या अध्यायात मवाबाच्या नाशाविषयी बोलताना त्याचं अंतःकरण वीणेसारखं कण्हतं. मवाब शत्रू होता.

आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, खेड्यातल्या बायकांना वाचता यावं म्हणून. पूर्ण अध्याय वाचायला विद्वान असावं लागत नाही. दिमिष्काविषयी संदेश आला, तर पुढे पाठवण्याआधी यशया ७, २ राजे १६ आणि यशया १७ एका बैठकीत वाचता येतात. अर्धा तास लागतो.

आणखी दोन अध्याय पुढे

तेवढा वेळ काढलाच, तर एकोणिसाव्या अध्यायापर्यंत जा. ती मिसरविषयीची देववाणी आहे, सुरुवात नेहमीसारखीच कठोर. शेवट मात्र असा, की पहिल्यांदा वाचताना विश्वास बसत नाही. मिसरातून अश्शूरला जाणारा राजमार्ग होईल. मिसरी आणि अश्शूरी एकत्र उपासना करतील. इस्राएल त्या दोघांसोबत तिसरा असेल, पृथ्वीला आशीर्वाद म्हणून. मग देव तिघांना नावं देतो: माझी प्रजा मिसर, माझ्या हातची कृती अश्शूर, माझं वतन इस्राएल. 'माझी प्रजा' हे शब्द तोवर एकट्या इस्राएलचे होते, आणि ते इथे इस्राएलला गुलाम केलेल्या देशाला दिले आहेत.

हे पूर्ण झालं का? त्या काळी नाही. इफिसकरांस पत्रात पौल म्हणतो की ख्रिस्ताने दोघांमधली आडभिंत पाडली आणि दूर असलेल्यांना जवळ आणलं. एकोणिसाव्या अध्यायाचा रस्ता ख्रिस्तापर्यंत येतो तो तिथे. आज मिसरात कॉप्टिक मंडळी आहे, जुन्या अश्शूरच्या भूमीत, इराकच्या उत्तरेला, अरामी बोलीत उपासना करणाऱ्या मंडळ्या आहेत, आणि दोन्हींचं अलीकडच्या वर्षांत रक्त सांडलं आहे. तो राजमार्ग पुरा झालेला नाही. मिसरातून अश्शूरकडे जाणारी जुनी वाट दिमिष्कावरूनच जात असे. यशया १७:१ पुढे पाठवणाऱ्यांनी यशया १९:२५ ही सोबत पाठवावं, आणि मार एलियासच्या मंडळीसाठी प्रार्थना करताना तेच वचन मोठ्याने वाचावं.